अभेद्यांचा दोनशेवा अंक

सतरा वर्षं मी त्याला तोंडावर ‘सर’ म्हणत आले. निदान कागदावर तरी ‘तो’ म्हणते. दिसायला माणूस साधाच. अंगाने किरकोळ, मान जरा पुढे आलेली, जिना चढताना अर्ध्यावर थांबणारा आणि दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून उगाच खिसे चाचपणारा. असे गृहस्थ रोज रस्त्यात ढिगाने भेटतात आणि त्यांच्यावर कुणी चार ओळी खरडत नाही. पण हा गृहस्थ स्वतःला सेनापती समजत होता. हे खूळ त्याने आपल्या डोक्यात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. त्याने ते छापलं. दर महिन्याला, बत्तीस पानं, रंगीत.

‘अभेद्य’ हे त्याच्या पथकाचं नाव. जगावर संकट आलं की धावून जाणारे महाशक्तिशाली वीर, त्यांचे मुखवटे, त्यांचे झगे, त्यांच्या गर्जना. गोष्ट आणि संवाद त्याचे, चित्रं माझी. आमची खोली छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की माझं टेबल थरथरायचं, म्हणून बारीक रेघा मी कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत ओढायची आणि स्वतः नंतर जेवायची. त्याला ऑफिसात टेबल नव्हतं, कारण ऑफिसात येऊन बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो घरी बसून लिहायचा आणि महिन्यातून एकदा प्रुफं वाचायला प्रकट व्हायचा.

पथकाच्या पुढाऱ्याचं नाव अर्थातच ‘सेनापती’. पहिल्या अंकाच्या वेळी त्याने कुठल्याशा समारंभातला आपलाच फोटो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “चेहरा असाच घ्या. हनुवटी तेवढी जरा पुढे.” पुढे दरवर्षी ती हनुवटी त्याच्या सांगण्यावरून आणखी पुढे येत गेली, छाती रुंदावत गेली, आणि खुर्चीत बसलेल्या खऱ्या माणसाची छाती आत आत गेली. मी काढत राहिले. रेघ पुरी होईपर्यंत चित्रकाराने हसायचं नसतं.

बाकीच्या वीरांचे चेहरे तो नुसते तोंडी सांगायचा आणि मी काढायची; ते कोण, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. एकदा त्याचा धाकटा भाऊ ऑफिसात काही निरोप द्यायला आला आणि मी दचकलेच. अख्खे कडे हातांनी उचलणारा ‘डोंगर’ माझ्यासमोर उभा होता, फक्त अंगात झगा नव्हता. हा भाऊ हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि खिळ्यांची पेटीसुद्धा नोकराकडून उचलून घ्यायचा. मग मी एकेकाचे घरचे फोटो मागून घेतले आणि सगळा उलगडा झाला. पथकच्या पथक घरचं होतं. लोखंड ओढून घेणारी ‘चुंबक’ म्हणजे त्याची बहीण, शाळेत भूगोल शिकवणारी. बोटांतून आग काढणारी छोटी ‘ठिणगी’ म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. आणि ‘पारदर्शी’, हवं तेव्हा दिसेनाशी होणारी, ती त्याची बायको. जगातल्या सगळ्या शक्तींमधून स्वतःच्या बायकोला द्यायला या माणसाला ही एकच सुचली, आणि वर हा तिला सन्मान म्हणायचा.

“पारदर्शी नेहमी सेनापतीच्या मागे, डावीकडे,” असं त्याने मला बजावून ठेवलं होतं. “आणि तुटक रेघेत काढायची. पूर्ण रेघ दिलीत तर दिसेल ना ती!”

इथपर्यंत तो नुसता हास्यास्पद होता. त्याची खरी लायकी मला डोंगराच्या वेळी कळली. घरी जेवताना भाऊ सहज बोलून गेला की या महिन्याचा राक्षस मागच्या राक्षसासारखाच वाटतो. एवढंच. त्यावर हा नुसता हसला म्हणे. आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे नवी संहिता आली. डोंगर दरडीखाली गाडला जातो आणि पथक त्याला तिथेच टाकून पुढे जातं. लिहिल्यापासून अंक बाजारात येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. तेवढे दिवस भाऊ घरी येत होता, शेजारी बसून जेवत होता, हा त्याला आग्रह करकरून वाढत होता, आणि इकडे मी माडीवर बसून त्याच भावाच्या छातीवर एकेक धोंडा काढत होते. मग अंक आला. भावाने दुकानाच्या गल्ल्यावर बसून तो उघडला आणि त्याला कळलं की आपण त्या घराला मेलो.

पुढे त्या घराण्यात ही रीतच पडून गेली. भांडण नाही, तंटा नाही, आवाज चढवणं नाही. तोंडावर बोलायची धमक नाही म्हणून हा अंकातून बोलायचा. चांगली नोकरी-धंदा करणारी, पोराबाळांची माणसं दर महिन्याला अंक विकत घ्यायची आणि जीव मुठीत धरून पानं उलटायची, की आपण अजून आहोत का? आई गेल्यावर बहिणीने तिचं शिवणयंत्र आपल्या घरी नेलं. काही दिवसांनी तिने शाळेत, शिक्षकांच्या खोलीत बसून, ‘चुंबक’ ज्वालामुखीत कोसळताना पाहिली. तिने कुणाला काही विचारलं नाही. त्या घरी जाणं बंद केलं. खरं सांगू? कधी कधी मला त्याच्यापेक्षा या लोकांचाच जास्त संताप यायचा. अरे, एकाने तरी त्याच्या दारात उभं राहून विचारावं की हे काय चालवलंयस? पण नाही. सगळे मूग गिळून गप्प, आणि पुढचा अंक आला की दुकानात पुन्हा हजर.

मुलीने मात्र विचारलं. एकोणिसाव्या वर्षी तिने सुट्टीत एक गोष्ट लिहिली होती. एक पूल कोसळतो, अभेद्यांपैकी कुणीच वेळेवर पोचत नाही, आणि खालचे लोकच एकमेकांना पाण्यातून बाहेर काढतात. त्याने ती वाचली, “पोरकट आहे,” म्हणाला, आणि नंतर आपल्या नावावर छापली. ‘अभेद्य’चा तो एकच अंक असा, जो दोनदा छापावा लागला. चार मोठी माणसं घरी येऊन त्याची पाठ थोपटून गेली. त्यांच्यासाठी पाण्याचे ग्लास घेऊन मुलगी बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ही गोष्ट माझी आहे.” तो हसला. त्याचं हसणं काय असतं हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पुढच्याच्या पुढच्या अंकात ठिणगीला कृष्णविवराने गिळलं. मुलीने तो अंक वाचला, बॅग भरली आणि घरातून गेली. तो तिला अडवायलाही उठला नाही. “कथानकाची गरज होती,” असं त्याने मला सांगितलं, आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळून ब्रश धुवायला उठले.

शेवटपर्यंत पथकात टिकली ती पारदर्शी. एखाद्याला काढून टाकायचं तर तो आधी दिसावा लागतो. तिच्या वाट्याला सगळ्या अंकांत मिळून दोनच वाक्यं यायची, “सेनापती, सांभाळा!” आणि “तुमचंच बरोबर होतं!” प्रत्यक्षात अंक निघायचा तो या बाईच्या जिवावर. त्याचं अक्षर असं दिव्य की त्याचं त्यालाच लागत नसे. ती सगळी संहिता चौकट-चौकट सुवाच्य उतरवून काढायची आणि बसने ऑफिसात आणून द्यायची. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. संहिता टेबलावर ठेवायची, रुमालाने कपाळ पुसायची आणि दर वेळी नव्याने संकोचून विचारायची, “ताई, एक फोन करू का?”

फोन मुलीला असायचा. मुलगी दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होती, आणि घरून तिला फोन करायची सोय नव्हती, कारण घरात ती कृष्णविवरात गेलेली होती. मी चित्रात मान घालून बसायची, तरी कान काय बंद करता येतात? “जेवलीस का? … किती मजल्यांची आहे? … आणि पट्टा? पट्टा बांधतेस ना?” असं सगळं झाल्यावर पलीकडून काहीतरी विचारलं जायचं आणि वहिनी हळूच म्हणायची, “बघू गं.” मुलगी काय विचारते ते न ऐकताही कळायचं. ती म्हणत असणार, आई, इकडे ये.

मग दोनशेवा अंक आला. छापखाना आणि प्रकाशन दोन्ही सांभाळणाऱ्या आमच्या मालकीणबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही. त्यांनी सेनापतींना बोलावून घेतलं.

“दोनशेवा आहे. पथकात आजवर जे जे होते ते सगळे परत पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “एकूण एक. मुखपृष्ठ दुमडीचं करू, उघडलं की सगळे एका ओळीत.”

“शक्य नाही. डोंगर मेलाय. चुंबक मेलीये.”

“तुमच्याकडे मेलेलं माणूस उठत नाही असं कधी झालंय? तो कवटीवाला तर दर वर्षी मरतो.”

“तो खलनायक आहे. इथे तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“बरं. मग सेनापतींना निवृत्त करू. लिहिणारी नवी माणसं काही कमी नाहीत.”

तत्त्व तिथल्या तिथे विरघळलं. एकशे नव्व्याण्णवाव्या अंकाच्या मागच्या पानावर पानभर जाहिरात गेली. डोंगर, चुंबक, ठिणगी, सगळ्यांचे चेहरे, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘सगळे परत येताहेत!’ चेहरे मीच काढले होते. ते बघून काय होईल याची मला कल्पना यायला हवी होती, पण मूर्खपणाची हद्द आपल्याला नेहमी थोडी अलीकडेच वाटते.

अंक आला त्या रविवारी मी मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा घेऊन त्याच्या घरी गेले होते. बैठकीच्या खोलीत त्याची एकट्याची मोठी खुर्ची, समोर पाहुण्यांसाठी कमी उंचीचं बाकडं. मी बाकड्यावर टेकते तोच बेल वाजली. दारात भाऊ उभा होता. पार टक्कल पडलेलं, हातात सफरचंदांची पेटी, स्वतः उचलून आणलेली. त्याच्यामागे जिन्यावरून बहीण येत होती आणि तिच्यामागे टॅक्सीवाला, खांद्यावर आईचं शिवणयंत्र घेऊन.

त्या लोकांनी काय समजायचं? इतकी वर्षं अंकाने जे जे सांगितलं ते घरात तंतोतंत खरं झालं होतं. अंकात मेलं की घरात मेलं. मग अंकात परत बोलावलं म्हणजे घरात बोलावलं, असंच ते धरून चालले. कपडे ठेवणीतले होते. बहिणीने केस रंगवले होते आणि तो रंग कानाला थोडा लागला होता.

“काय काम काढलंत?” सेनापतींनी खुर्चीतून न उठता विचारलं.

“दादा, जाहिरात पाहिली,” भाऊ म्हणाला.

“मग?”

“मग… आलो.”

“ती अंकाची जाहिरात आहे.”

“अरे, पण आमचे चेहरे छापलेत तू त्यात,” बहीण म्हणाली. “आणि हे बघ, आईचं मशीन आणलंय मी. चालू आहे अजून. तेलबिल घालून आणलंय.”

“त्या व्यक्तिरेखा आहेत. तुमचा काय संबंध?” तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. “दाखवा हो तुमचा आराखडा.”

मी आराखडा पुढे केला. मालकीणबाईंच्या सांगण्यावरून मी सगळ्यांची वयं वाढवली होती. त्याने डोळे बारीक केले. “डोंगराला टक्कल? भलतंच काय! केस द्या त्याला.” आणि हे ऐकत तो टक्कलवाला भाऊ समोर उभा होता, पेटी छातीशी धरून. वहिनी आतून सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. दोघांनी तो उभ्याउभ्या घेतला. बहिणीने रिकामा कप वहिनीच्या हातात देताना तिचा हात घट्ट धरला, आणि ते निघून गेले. सफरचंदं आणि शिवणयंत्र सेनापतींनी तेवढं ठेवून घेतलं. इतकी वर्षं मी त्याला मनात हसत होते. त्या दिवशी मला त्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुलीचा फोन आला. आपणहून तिने पहिल्यांदाच केला होता.

“मावशी, जाहिरात पाहिली. मी खरंच आहे त्यात?”

“आहेस.”

“काय म्हणते मी?”

“अजून संहिता आली नाही गं.”

तिच्या मागे कुठेतरी लोखंडावर हातोडी पडत होती. “मग मी रजा टाकू का? अंक येईल तेव्हा? आईला म्हणावं…” आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. एवढी बापाच्या तोंडावर बोललेली पोरगी, पण तीही त्याच घरात वाढलेली. छापलेल्या कागदाने बोलावलं की तीही निघायला तयार. मी तिला म्हटलं, थांब थोडी, संहिता येऊ दे.

संहिता आली. वहिनीनेच आणली. मी वाचायला घेतली आणि वाचता वाचता माझं डोकं फिरलं. अभेद्य परत येतात, हो, सगळे येतात, आणि एकामागून एक सेनापतीपुढे गुडघे टेकून माफी मागतात. डोंगर म्हणतो, तुमच्या कल्पकतेवर शंका घेतली, क्षमा करा. चुंबक म्हणते, माझा लोभ मला नडला, क्षमा करा. पानंच्या पानं माफी. जग वाचवायला शेवटी अडीच पानं उरली होती. आणि ठिणगी म्हणते, “सेनापती, ती कल्पना तुमचीच होती. मी खोटं बोलले. मला क्षमा करा!” सेनापती मोठ्या मनाने सगळ्यांना क्षमा करतो. पण आकाशातलं दार मिटायला लागलेलं असतं, म्हणून सगळ्यांना आल्या वाटेने परत जावं लागतं. शेवटचं पान म्हणजे पानभर एकच चित्र. ते सगळे दारातून निघालेले, इकडे शिखरावर सेनापती, मागे डावीकडे तुटक रेघेत पारदर्शी. संवादाचा एकच फुगा, त्याच्या तोंडचा. “गेले ते कच्चे होते. तू आहेस ना मागे? मला तेवढं पुरे.”

मी कागद खाली ठेवले. वहिनी अजून बसलेली होती. तिने फोनचं विचारलं नव्हतं.

“शेवटचं पान वाचलंत ताई?”

“वाचलं.”

“हे सगळं मी माझ्या हाताने उतरवलंय. पोरीच्या वाक्यापाशी आले आणि हात पुढे जाईना. यांना म्हटलं, एवढं एक वगळा हो. तुम्हाला पण माहितीये कुणाची गोष्ट होती ते. तर म्हणाले, तू नक्कल कर, डोकं चालवू नकोस.” तिने पिशवीचा बंद दोनदा बोटाला गुंडाळला. “मी उतरवलं. एक खाडाखोड नाहीये बघा.”

खरंच नव्हती. अक्षर नेहमीसारखंच गोल, टपोरं.

“ताई, मला त्यांच्यासोबत घाला.”

“कुणासोबत?”

“जाणाऱ्यांसोबत. त्या दारातून. पोरीच्या बाजूला जागा असेल तर तिथे. आणि हातात बॅग द्या, मोठी.”

“वहिनी, खरंच जाताय?”

“आता यांना आणखी कसं सांगायचं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. “तोंडाने सांगितलेलं यांना ऐकू जात नाही. इतकी वर्षं सगळ्यांना छापूनच कळवलं ना यांनी? मग यांनाही तसंच कळू दे.”

“प्रुफात बघतील की.”

“ते फुगे वाचतात. स्वतःची वाक्यं तेवढी. आतलं चित्र कधी बघितलंय त्यांनी?”

तेही खरं होतं. सतरा वर्षांत त्याने आतल्या पानांवरचं माझं एकही चित्र नीट पाहिलं नव्हतं, स्वतःची हनुवटी सोडून. मग वहिनीने फोन उचलला आणि नंबर फिरवला. “मी बोलतेय. हे बघ, तो अंक तू वाचू नकोस. नाही, रजा नको टाकू, तू येऊ नकोस. मीच येते.” पलीकडून काय आलं कोण जाणे, ती डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, “हो. मोठी बॅग घेऊन.”

मी तो अंक जसा काढला तसा आधी कुठलाच काढला नव्हता. फुग्यांना हात लावला नाही. त्यांतले शब्द त्याचे, ते त्याला लखलाभ. पण गुडघे मी कुणाचेच टेकवले नाहीत. डोंगर टक्कल घेऊन ताठ उभा राहिला आणि क्षमा मागताना दुसरीकडेच बघत होता. ठिणगीला मी तिच्या आजच्या वयाची केली आणि ‘मी खोटं बोलले’ या फुग्याखाली ती सेनापतीच्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती. शेवटच्या पानाला मी जेवणाच्या सुट्टीत हात घातला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं तरी थांबले नाही. दाराच्या उंबऱ्यावर ठिणगीशेजारी पारदर्शी, हातात बॅग, आणि सगळी पूर्ण रेघेत. तिचं नाक कसं आहे, केस कुठल्या बाजूला वळतात, हे मी तोवर कधी काढलंच नव्हतं. सेनापतीच्या मागची जागा कोरी सोडली.

तो प्रुफं वाचायला आला. पेन्सिल घेऊन फुग्यामागून फुगा वाचत गेला, तीन ठिकाणी उद्गारचिन्हं वाढवली, दोन ठिकाणी स्वतःच्या वाक्यांना मान डोलावली आणि शेवटी खाली सही ठोकली. मालकीणबाईंनी शेवटचं पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

“सरांनी बघितलं?”

“सही केलीये.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि पान खाली छपाईला पाठवून दिलं.

प्रकाशनाचा समारंभ छापखान्यातच होता. यंत्र बंद ठेवलं होतं, कागदाचे गठ्ठे भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुस्तकविक्रेते, कामगार, शाईचा वास आणि सरबत. भाऊ-बहिणीला कुणी बोलावलं नव्हतं. सेनापती इस्त्रीच्या शर्टात आला. मालकीणबाईंनी विचारलं, “वहिनी नाही आल्या?” तर म्हणाला, “घरी आवराआवर चाललीये तिची सकाळपासून. बायकांची कामं.” काय आवरतेय, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. शर्टाला इस्त्री करून दिली, एवढं त्याला पुरलं होतं.

मग त्याचं भाषण झालं. एकजूट म्हणजे काय, माणसं जोडणं म्हणजे काय, आपलं पथक इतकी वर्षं अभेद्य कसं राहिलं, अशी टिमकी त्याने मनसोक्त वाजवली. शेवटी ताजा अंक उघडून चष्मा सावरला आणि म्हणाला, “अखेरचा संवाद तुम्हाला वाचून दाखवतो. सगळ्या दोनशे अंकांचं सार यात आहे.” लोकांच्याही हातात अंक होते. सगळ्यांनी शेवटचं पान काढलं.

“गेले ते कच्चे होते!” त्याने गर्जना केली. “तू आहेस ना मागे? मला तेवढं पुरे!”

आधी कुणीतरी खुसकन हसलं. मग बांधणीखात्यातला एक म्हातारा कामगार अगदी निरागसपणे म्हणाला, “सर, पण मागं तर कुणीच नाही. बाई तर त्या तिकडं निघाल्यात.”

तो हसला, कारण विनोद आहे असं त्याला वाटलं. मग त्याने चित्राकडे पाहिलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या घराण्यातल्या माणसांनी अंक उघडून जे जे पाहिलं असेल ते सगळं तो तिथे उभा राहून बघत होता, आणि ते वाचायचं कसं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानेच तर शिकवलं होतं. त्याची हनुवटी जरा थरथरली. मला दया आली असं मी लिहिणार नाही.

मी वर माझ्या टेबलाशी गेले, तर मागोमाग तोही अंक हातात घेऊन जिना चढून वर आला. या वेळी मध्ये थांबला नाही, त्यामुळे माझ्या टेबलाला धरून बराच वेळ धापा टाकत राहिला. मग फोन उचलून घरचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली, मला इथे ऐकू येत होती. ठेवला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मुलीचा नंबर त्याला माहीत नव्हता, आणि मी दिला नाही.

“तुम्ही मुद्दाम केलंत हे,” तो म्हणाला.

“वहिनींनी सांगितलं तसं काढलं.”

तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला, जिच्यावर वहिनी बसायची. मग टेबलावरचा एक कोरा कागद ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

“पुढच्या अंकात परत आणायचं तिला,” तो म्हणाला. “काहीतरी सुचवा. ती कशाने परत येईल?”

त्याने मला गोष्टीतलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, “सर, आधी माफी मागावी लागेल.”

“बरोबर,” तो म्हणाला. त्याने कागद सरळ केला, पेन टेकवलं, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“कुणाच्या तोंडी घालू?” त्याने विचारलं.